पखवाज उघडण्याआधी

परभणी
श्रावण

चि. बाळास,

पखवाजाची पुडी उतरवताना ‘थोडंसं लागलं’ असं तू फोनवर म्हणालास आणि लगेच विषय बदललास. खोडाच्या चिरेत काय भरू, पटाशी किती सुताची घेऊ, सप्त्याच्या आत काम होईल का. थोडंसं म्हणजे किती, ते मला तुझ्या धाकट्याकडून कळलं. स्क्रूड्रायव्हर! वादीखालचा लाकडी गट्टा उचकटायला स्क्रूड्रायव्हर घेतलास, पखवाज मांड्यांत दाबलास, डावा हात नेमका टोकापुढे धरलास आणि तो निसटून अंगठ्याच्या मुळाशी शिरला. तुझ्या आजोबांच्या घरात हे व्हावं, याचा मला फार संताप आला. संताप ओसरला तसा घोर लागला, म्हणून फोन न करता लिहितो आहे. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि पुढचं ऐकत नाहीस.

आधी हाताचं सांग. अंगठ्याचं टोक बधिर लागतं का? अंगठा करंगळीच्या मुळापर्यंत आडवा नेता येतो का? वरचं पेर वाकतं आणि सरळ होतं का? त्या जागी बोट हलवणाऱ्या दोऱ्या आणि संवेदनेच्या नसा कातडीच्या फार खाली नसतात. जखम वरून मिटलेली दिसते आणि आत दोरी तुटलेली राहते. ताईने हळद दाबली असेल, दाबू दे, पण त्यावर भागवू नकोस. डॉक्टरला दाखव आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते त्यांना सांग. आठवत नसेल तर तसं सांग. सोमवारी औंढ्याला नागनाथाची गर्दी असते, गाडी अडकते. त्याच्या आधी जा. पखवाज वाजवणाऱ्याचा डावा हात आहे तो. कणकेवरची ती घुमारी थाप दुसरा कोण देणार आहे तुमच्या भजनात?

आता हत्याराचं. तू पटाशीचं माप विचारलंस, धारेचं विचारलं नाहीस. हेच मला खटकलं. वर्कशॉपात मी पोरांना वर्षानुवर्षं एकच सांगत आलो: हात कापतं ते बोथट हत्यार. धारेची पटाशी हलक्या दाबाने लाकडात शिरते आणि जिथे थांबवशील तिथे थांबते. बोथट पटाशीला खांद्याचा जोर लावावा लागतो. तो जोर लाकूड सोडून निसटला की पुढे जे असेल त्यात जातो. शिसव तर इतकं कठीण आणि उलटसुलट रेषांचं लाकूड, की त्यावर बोथट पातं घसरतंच.

म्हणून कामाचा पहिला दिवस फक्त पाजळण्याचा. दगड ओला कर. पात्याची पाठ आधी अगदी सपाट घासून घे, मग उतार पंचवीस ते तीस अंशांत धर. शिसवासाठी तीसच बरे, धार लवकर मोडत नाही. पाठीमागे लोखंडाची बारीक कोर बोटाला जाणवली की पाठ पुन्हा दगडावर ठेवून ती काढ. धार बघायची ती कागदावर. अंगठ्यावर बघायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, आणि तुझा अंगठा आता तेवढ्या कामाचा राहिलेलाही नाही.

पूर्वी गल्लीत सायकल उभी करून चाक फिरवणारा धारवाला यायचा. विळी, अडकित्ता, कात्री सगळं त्याच्यासमोर मांडलं जायचं. सुताराच्या घरी निसणा असायचाच, न्हाव्याकडे चामड्याचा पट्टा. हत्यार घेणं आणि हत्यार राखणं हे एकच काम समजलं जायचं. आता पटाशी बोथटली की नवी आणतात, नाहीतर ग्राइंडरवर धरून निळी करतात. निळी झाली म्हणजे पात्याचं पाणी गेलं, ती धार पुन्हा टिकत नाही. तुझ्या मित्राकडचा तो हातातला ग्राइंडर या खोडाजवळ आणायचा नाही, हे लिहून ठेव. गोल, पोकळ, सुकलेलं लाकूड, त्यात जुनी चीर. चकती अडकली तर यंत्र उलटून हातावर येईल आणि खोडही जाईल. हाताच्या हत्याराने काम हळू होतं, त्यामुळे चूक दिसायला वेळ मिळतो. मला तर वाटतं, जुन्या वाद्याला हात लावायचा अधिकार पाजळायला शिकल्यावरच यावा. 

मांडीत धरून काम करणारे कारागीर तू पाहिले आहेस, मला ठाऊक आहे. त्यांचे पाय पकडीसारखे चालतात, त्यांचा उभा जन्म तसं बसण्यात गेला. तू दोन ओंडक्यांना व्हीसारख्या खाचा पाड, वर गोणपाट टाक आणि खोड त्यात आडवं ठेव. दोरीने एक वेढा घाल. मग दोन्ही हात मोकळे राहतात आणि दोन्ही पात्याच्या मागे राहू शकतात.

गट्टे उचकटायचे नसतातच. मोगरीने एकेक गट्टा थोडा थोडा उजव्या तोंडाकडे ठोकत आण, सगळीकडून सारखा. ताण आपोआप उतरतो, कातड्याची वादी सैल पडते, मग गट्टा बोटांनी निघतो. हातोडी वापरलीस तर आधी तिच्या दांड्याची पाचर बघ; सैल हातोडीचं डोकं कुठे उडेल सांगता येत नाही. वादी पक्कडीने ओढताना तोंड बाजूला ठेव आणि चष्मा लाव. इतक्या वर्षांची वाळलेली वादी भर ओढीत तटकन तुटते आणि पक्कड थेट कपाळावर येते. तुझ्या त्या नटबोल्टच्या ढोलकीलाही हेच: पाना अंगाकडे ओढायचा, ढकलायचा नाही, आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने सोडायचे.

शाईला रापी लावू नकोस, ती फुटलेली असली तरी. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर आणि पुढे 1934 मध्ये सविस्तर दाखवून दिलं, की साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या पुडीवरचा तो काळा भार त्यांना पहिल्या पाच संनादी स्वरांत बसवतो. म्हणून पखवाज नुसता धडधडत नाही, सुरात बोलतो. शाईचा टवका गेला की हा हिशेबच मोडतो. नवी पुडी भरणाऱ्याकडून भरून घे, ते तुझं काम नव्हे.

आणि जुनं कातडं कोरडं खरवडू नकोस. कच्च्या कातड्यातून काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू धुळीबरोबर छातीत जाऊ शकतात. न्यूयॉर्कमध्ये 2006 साली एक ढोल बनवणारा याच रोगाने मरता मरता वाचला आणि लंडनमध्ये 2008 साली दुसरा दगावला. दोघंही कातड्यावर काम करणारे. घाबरून जाऊ नकोस. पण ओलं करूनच खरवड, तोंडाला मास्क बांध आणि गुरं कशाने मेली ते न कळता मिळालेलं कातडं फुकटातही घेऊ नकोस.

खोडावरच्या त्या लाल ऑइलपेंटचंही तसंच. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. कोरडा पॉलिशपेपर मारलास तर ती भुकटी घरभर होईल, आणि तुझी लेक तिथेच रांगते. ओसरीवर नको, गोठ्यामागे घेऊन जा, पाणी लावून घास आणि चोथा कागदात गुंडाळ. पण घासायचंच कशाला? आजोबांनी आपल्याकडच्या धरणाचं काम चालू होतं त्या दिवसांत हा पखवाज आणला. आपेगावच्या शंकरबापूंचा पखवाज ऐकून आले की रात्री ओसरीवर हाच घेऊन बसायचे. रंगाचे पोपडे उडालेत, उडू देत. नव्यासारखा करू नकोस त्याला. आतून तासून हलका करायचा विचार मनात आला असेल तर तोही काढून टाक. आतली जाडी बदलली की आवाज बदलतो, आणि तासलेलं लाकूड परत लावता येत नाही.

तुझ्या चिरेचं आता. आधी जुन्या स्पीकरचं चुंबक रंगावरून फिरव. मागे कोणीतरी चीर दाबायला खिळे मारलेत अशी मला शंका आहे, पूर्वी ज्याने हा दुरुस्त केला त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नाही. खिळ्यावर पटाशी गेली तर धार जाईल आणि तुकडा डोळ्यात उडेल. चिरेत गरम सरस भर. फेव्हिकॉलने धरेल खरं, पण पुढे कोणाला उघडायचं झालं तर सरस ऊन पाण्याने सुटतो. मग दोरीचे वेढे घालून काठीने पीळ दे आणि काठी लगेच दुसऱ्या दोरीने बांधून टाक. पिळलेली काठी सुटली तर मनगट मोडतं. पटाशी चार सुती पुरे, ती फक्त चिरेच्या तोंडचा जुना चिकटा काढायला.

हे सगळं लिहिलं खरं, पण तू हे आत्ता करू नयेस असंच वाटतं. एका हाताला पट्टी, सप्त्याची घाई, आणि रात्री लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात काम करणार तू. सप्त्यासाठी शेजारच्या मंडळाचा पखवाज मागून आणा, ते नाही म्हणणार नाहीत. नरसीच्या परतवारीला आपला त्यांनी दोनदा नेला होता. जखम भरेपर्यंत खोड गोणपाटावर आडवं ठेव, भिंतीच्या ओलीपासून लांब. सुटलेल्या गट्ट्यांवर क्रम लिहून एका डब्यात घाल, पुडी फेकू नकोस.

पोळ्यानंतर मी येतो. दगड आणि पटाश्या माझ्याच आणीन. तोवर डॉक्टर काय म्हणाले ते कळव, अंगठा वाकवून काढलेला फोटो पाठव आणि ताईला खरं काय झालं ते सांग. ती मला विचारते आहे आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही.

तुझा,
मामा