आर्णोनचा घाट



यात्रेहून परतल्यापासून जो तो आम्हाला नबो पर्वताबद्दल विचारतो. नबोवर आम्ही दोघांनी प्रार्थना केली, मोशेची आठवण काढली, फोटोही काढले. पण त्या दिवसातलं आमच्या मनात राहिलं ते त्यानंतरचं. जॉर्डनमध्ये मादबाहून करककडे जाताना वादी मुजिबचा घाट लागतो. बायबलमधली आर्णोन नदी ती हीच.

आम्हा बेळगावकरांना घाटाचं काय एवढं! चोर्ला घाटातून गोव्याला आम्ही पेंगत जातो. पण चोर्ल्यात झाडी आहे, दरी किती खोल ते ती कळू देत नाही. इथे दीबोन मागे पडलं, सपाट माळ एकाएकी तुटला आणि समोर उघडीबोडकी, तांबूस-करडी दरी. आडोशाला झुडूपसुद्धा नाही. आपण उतरणार ती वळणं, तळातली धरणाची भिंत, तिच्यावरून पलीकडच्या कड्यावर चढत गेलेला रस्ता, सगळं एकाच नजरेत. बसमधल्या गप्पा थांबल्या.

कड्यावर चहाला थांबलो. गाईड सांगत होता, हा राजमार्ग. मोशेने अदोमच्या राजाकडे याच मार्गाने जाऊ देण्याची विनंती केली होती. शेतामळ्यांत शिरणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही, असा शब्दही दिला होता. राजाने नकार दिला आणि इस्राएल लोकांना वाळवंटातून वळसा घालावा लागला (गणना, अध्याय 20 आणि 21). दीबोनला 1868 मध्ये एक काळा शिलालेख सापडला, तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मवाबचा राजा मेशा अभिमानाने सांगतो की आर्णोनजवळचा रस्ता आपण केला. पुढे रोमन सम्राट त्रायान यानेही इथूनच रस्ता नेला. एवढ्या लोकांनी खपून केलेला रस्ता, आणि आम्ही बसमध्ये परत चढायला तयार नव्हतो!

आता जे सांगायचं ते मावशींच्या परवानगीने लिहितो आहोत. आमच्या गटातल्या या मावशींचे रिपोर्ट निघायच्या चार दिवस आधी आले होते. ते चांगले नव्हते. मुलगा आमच्याकडे आला, "आईला आत्ता सांगू का?" धर्मशिक्षक म्हटलं की लोक असं विचारायला येतात. आम्ही म्हणालो, यात्रा होऊ दे, पवित्र भूमीत तरी तिचं मन शांत राहू दे. सल्ला देऊन आम्ही मोकळे झालो, आणि आठवडाभर मावशींशी बोलताना त्यांची नजर चुकवत राहिलो.

बस उतरू लागली. तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे प्रत्येक वळणावर वाटे की ड्रायव्हर चुकला. आम्ही रोझरी सुरू केली ती डोळे मिटून. भक्तीने नव्हे हो, भीतीने. तिसऱ्या रहस्यापर्यंत आमचा घसा कोरडा पडला.

मावशी खिडकीशी बसून सबंध वेळ बाहेर बघत होत्या. उत्तरं देत होत्या, पण डोळे रस्त्यावर. धरणावर पोहोचल्यावर आम्ही विचारलं, "मावशी, भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण कुठं चाललोय ते दिसतंय तरी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या रिपोर्टचं काय झालं? पोरगा फोनवर विषय बदलतो. तुम्हाला माहीत असेल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "घरी गेल्यावर बघू," असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

वरच्या चढावर आम्ही डोळे उघडे ठेवले. बघायला भीती वाटतच होती. गेली कित्येक वर्षं आम्ही मुलांना शिकवतो, देवाकडे पुढची वाट दाखव म्हणून मागा. या बाईंनी तेवढंच मागितलं होतं, तेही आमच्याकडे, आणि आम्ही त्यांच्यापुढे झाडी लावून बसलो होतो. त्यांचं मन शांत राहावं म्हणून की आमचं? वर पोहोचेपर्यंत याचं उत्तर आम्हाला कळून चुकलं होतं.

करकला जेवायला थांबलो. पानं वाढली जाईपर्यंत आम्ही बाहेर येऊन मुलाला फोन लावला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांगा. मी रात्री बोलतो तिच्याशी."

आम्ही आत गेलो आणि मावशींच्या दोन बाजूंना दोघं बसलो.