कुहिलीचं बी

आश्विनात सेमाडोहकडच्या रानात कुहिलीच्या वेली जांभळ्या होतात. घोस खाली तोंड करून लोंबत असतात. ते नीट पाहायचे तर आपल्यालाच मान वाकवावी लागते. पुढे थंडीत त्याच जागी शेंगा धरतात, सोनेरी-तपकिरी लव पांघरलेल्या. ही लव अंगाला लागली की माणूस खाजवून खाजवून बेजार होतो. म्हणून वाटसरू या वेलीला वळसा घालून जातो. मेळघाटात सागाचं, बांबूचं कौतुक सगळे करतात. माझे हात मात्र या खाजऱ्या वेलीपुढे जुळतात.

कारण तिच्या शेंगेतलं ते काळसर, चकचकीत बी. आयुर्वेदाचे वैद्य तिला कपिकच्छू म्हणतात, कंपवातात देतात. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. तो मेंदूच्या काय कामाचा, हे तेव्हा विज्ञानाला ठाऊक नव्हतं. तीस वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोच पदार्थ मोठ्या मात्रेत देऊन जखडलेली माणसं हलती केली. आजही या कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, मुख्य औषध तेच आहे. (बी आणून घरी कुटून खाऊ नये. बियागणिक मात्रा बदलते, आणि चालू असलेल्या गोळ्यांवर तिची भर पडते.)

या आजारात मध्यमेंदूतल्या काळसर पेशी मरत जातात. हालचालीला लागणारं डोपामिन त्याच बनवतात. हाताची थरथर दिसू लागते तोवर त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात. पण डोपामिन कमी झालं म्हणजे नेमकं काय बिघडतं? बिघडते ती लय. मेंदूत खोलवर सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची एक लय असते, तिला बीटा म्हणतात. ती तुमच्याआमच्यातही आहे. आपण स्थिर बसलो की ती भरते आणि हात उचलायचा झाला की हात हलण्याआधीच ओसरते. हे ओसरणं मला फार मोलाचं वाटतं. पाण्याचा पेला उचलताना आपल्या आत कुणीतरी आधी बाजूला होऊन वाट देतं.

डोपामिन आटलं की ही लय वाट देत नाही. पेशींचे जथेच्या जथे एकाच ठोक्यात अडकतात, तिच्या लाटा लांबत जातात आणि अंग ताठतं, मंदावतं. हाताची थरथर ही वेगळी लय, सेकंदाला चार ते सहाची.

पहिल्या दमदार पावसानंतर पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात उभं राहावं. डबक्याडबक्यातून बेडूक ओरडत असतात आणि तो सगळा एकच कल्लोळ वाटतो. कान रुळले की कळतं, जवळजवळचे बेडूक एकमेकांची हाक चुकवून ओरडतात. एकाच्या खंडात दुसरा शिरतो, म्हणून प्रत्येकाची हाक मादीपर्यंत वेगळी पोचते. निरोगी मेंदूतही पेशींना असा स्वतःचा खंड असतो. सगळ्याच एकदम बोलल्या तर कुणाचाच निरोप पोचत नाही.

आमच्या दर्यापूरकडच्या काकांना हाच आजार होता. त्यांचे पाय उंबरठ्याशी आले की जमिनीला चिकटत. तासभर शेतात चालणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात त्याला पाऊल सुटेना. काकू म्हणायच्या, "घाई नोका करू, मी आहो ना." एका गुरुवारी शेजारी भजन चालू होतं, खंजिरी वाजत होती, आणि काका त्या ठेक्यावर उंबरठा ओलांडून बाहेर आले. यात चमत्कार नाही. चालायची लय आतून उठेना, तेव्हा कानातून आलेला ठेका दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत जातो. जमिनीवर आखलेल्या रेघाही पुष्कळांना तशाच चालवतात. तरी तो प्रसंग आठवला की माझा ऊर भरून येतो.

१९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्लला न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी मेंदूत बारीक तार ठेवून सेकंदाला शंभराहून जास्त विद्युत-ठोके दिले आणि थरथर थांबवली. मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. आताची काही यंत्रं बीटा वाढली की ओळखतात आणि ठोके त्याप्रमाणे कमीजास्त करतात. ऐकून मग बोलणारं यंत्र माणसाने घडवलं, याचा मला आनंद आहे.

चिंता मात्र शेताची वाटते. पॅराक्वॅट या तणनाशकाचा पार्किन्सन्सशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पाठीवर पंप आणि तोंडाला नुसता रुमाल, असा फवारणारा माणूस अकोल्यापासून अमरावतीपर्यंत कुठल्याही बांधावर दिसतो. त्या काळ्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

पण काकांना चालवणारी खंजिरी तर आपल्या गावोगाव आहे. तुकडोजी महाराजांनी ती वाजवत खेडी जागवली, मोझरीचं गुरुकुंज उभं केलं. आजही भजनी मंडळं जमतात. गावात पाय अडकणारं कुणी असेल, तर त्याला सतरंजीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवू नका. डॉक्टरांची गोळी चालू ठेवून, हाताला धरून त्याला खंजिरीशेजारी उभं करा आणि त्या ठेक्यावर चार पावलं चालवा.