काकांचे तिसरे हत्यार

आमचे काका चंद्रपूरचे. घरी आजोबांची बंदूक, शेतराखणीची दुसरी, आणि बर्मिंगहॅमचे ३२ बोअरचे वेब्ले रिव्हॉल्व्हर. नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या एकदम बाहेर! ताडोबा उशाशी, पण १९७२ च्या कायद्याने वाघाची शिकार बंद. काकांनी जन्मभर कागदी वर्तुळेच टिपली.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावर दोनच हत्यारे उरली. बंदुका राहिल्या, वेब्ले जमा झाले. त्या रात्री काका जेवले नाहीत.

यंदा दिवाळीत माझ्या धाकट्याने टिकल्यांचे पिस्तूल त्यांच्यावर रोखले. काकांनी हळूच नळी जमिनीकडे वळवली. “बाळा, रिकामे असले तरी माणसावर धरायचे नाही.” मग भिंतीवर खडूने वर्तुळ काढून दोघे तासभर टिकल्या उडवीत बसले.

रात्री काका दोन घास जास्तच जेवले.