नाडीखालची जखम

आत्याच्या कमरेला, परकराची नाडी आवळली जाते नेमकं तिथं, आधी काळा पट्टा पडला होता. आमच्या मैलूर गावात तिच्या वयाच्या कितीतरी बायकांना तसा पट्टा आहे. त्याला कुणी आजार म्हणत नाही. तुरीच्या रानात दिवसभर वाकायचं तर नाडी घट्टच हवी. घाम, मळ आणि सुताचा काच वर्षानुवर्षं एकाच जागी. पुढं कातडी जाड झाली, खाज सुटली, मग ती फुटली. हळद लावून झाली, खोबरेल झालं. एका डॉक्टरांनी गजकर्ण समजून मलम दिलं. जखमेच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वर आल्या, वास यायला लागला, तेव्हा आम्ही तिला हैदराबादला नेलं.

तिथं जखमेचा तुकडा काढला. रिपोर्ट आला: त्वचेचा स्क्वॅमस सेल कर्करोग. तुकडा लहान होता, पेशी नीट ओळखू येत नव्हत्या, म्हणून आणखी रंगतपासण्या केलेल्या. पी-४० पॉझिटिव्ह, म्हणजे पेशी स्क्वॅमसच. मेलॅनोमाच्या खुणा निगेटिव्ह. त्याखाली पी-५३ आणि केआय-६७.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टर बाईंना मी विचारलं, तर त्यांनी थेट सूक्ष्मदर्शकापाशीच बसवलं. मेणात बसवलेल्या तुकड्याचा अगदी पातळ काप घेतात, त्यावर विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं सोडतात. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग चढतो. केआय-६७ विभाजन चालू असलेल्या पेशींच्या केंद्रकात दिसतं. निरोगी कातडीत असे ठिपके तळाच्या थरांपुरतेच असतात, आत्याच्या कापात ते वरपर्यंत पसरले होते. पी-५३ हे प्रथिन १९७९ साली सापडलं. डीएनए बिघडला की ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. त्याच्या जनुकातच बदल झाला की बहुतेक वेळा निकामी प्रथिन केंद्रकात साठत जातं. आत्याची केंद्रकं गडद तपकिरी होती. ते बघताना माझ्या पोटात गोळा आला.

उन्हाने होणाऱ्या अशा कर्करोगात पी-५३ च्या जनुकावर अतिनील किरणांची ओळखता येणारी खूण राहते, हे १९९१ साली दाखवलं गेलं. पण आत्याची कंबर कधी उन्हात नव्हती. बाई म्हणाल्या, इथं कारण घर्षण. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी धोतराच्या काचाने कमरेला होणाऱ्या कर्करोगाबद्दल १९४५ सालीच लिहून ठेवलंय. इतकी जुनी माहिती आमच्या गावापर्यंत का आली नाही, याचा मला आजही राग येतो.

मला त्या खुणांतून एकच कळायला हवं होतं, आत्या वाचेल का? शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या आजारात पी-५३ किंवा केआय-६७ वरून आम्ही उपचार ठरवत नाही. गाठ केवढी, किती खोल, पेशी किती बिघडलेल्या, नसेला लागलेल्या का, कापलेल्या कडा स्वच्छ आल्या का, यावर पुढचं ठरतं. शस्त्रक्रियेने किंवा रेडिएशनने आवरत नाही अशा रुग्णांसाठी सेमिप्लिमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली; आत्याला त्याची गरज पडली नाही. भोवतीची निरोगी कातडी धरून गाठ काढली, मांडीची कातडी तिथं लावली. कडा स्वच्छ आल्या, जांघेत गाठी नव्हत्या. आता तपासणीला जायचं असलं की आत्या आदल्या दिवशीच पिशवी भरून ठेवते.

रेणूंच्या या खुणांवरचं संशोधन पुढं जायलाच हवं. पण आत्याला वाचवलं ते वेळेत काढलेल्या तुकड्याने. म्हणून माझ्या गावच्या आयाबहिणींना हात जोडून सांगते: दोरीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, ती सैल ठेवा, बांधायची जागा बदलत जा. कमरेची जखम महिनाभरात भरली नाही तर मलमं बदलत बसू नका. तुकडा तपासायला सांगा.