डबा बदलायचा की डब्यातलं काही?

"ताई, फक्त ग्राफिक्स कार्ड बदलू. बाकी काही नको."

धाकट्या भावाने हे म्हटलं तेव्हा महिन्याचा शेवटचा आठवडा होता आणि मी घरभाड्याचे पैसे बाजूला काढत होते. त्याला हवं असलेलं कार्ड अठ्ठावीस हजारांचं. बेंगळुरूतल्या आमच्या वन बीएचकेचं भाडंही तेवढं नाही. त्यात एप्रिलमध्ये त्याची नोकरी गेलेली. घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

तो कॉम्प्युटर बाबांनी २०१७ मध्ये कोल्हापूरला राजारामपुरीतल्या एका दुकानातून जोडून घेतला होता. आय फाइव्ह सातव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. तेव्हा गल्लीतली पोरं तो बघायला यायची. आता चालू केला की चहा उकळून गाळून होईपर्यंत तो नुसता घरघरत असतो.

आईचं फोनवर एकच पालुपद, "विकून टाक तो डबा. त्याच्यापायीच पोरगं रात्र रात्र जागतंय."

खरं सांगते, मलाही तेच वाटायचं. जूनमध्ये त्याची एक ऑनलाइन परीक्षा होती, नोकरीसाठीची. मधेच मशीन अडकलं आणि दहा मिनिटं वाया गेली. तो म्हणाला, "हँग झालं गं." मी म्हणाले, "रात्री गेम खेळत बसलास, झोप नाही, आता मशीनला दोष देतोस?" त्यावर तो काही बोलला नाही. दोन दिवस जेवायलाही वेगवेगळे बसलो.

म्हणून कार्डाचा विषय निघाल्यावर मी अट घातली, "आधी मला दाखव, नक्की अडतंय कुठे."

त्या रात्री मी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. तो कोल्हापूरच्या शाळेतल्या तीन मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळत होता. एक मित्र पुण्यात, एक दुबईत, एक अजून गावातच. त्यांच्या गप्पांत खेळ कमी आणि एकमेकांची खेचणंच जास्त. नोकरी गेल्यापासून तो इतका हसलेला मी पाहिला नव्हता.

मधेच त्याने टास्क मॅनेजर उघडला. कुठला भाग किती टक्के राबतोय ते त्यात दिसतं. ग्राफिक्स कार्ड ५५, प्रोसेसर ८०च्या आसपास, मेमरी ९४ आणि हार्ड डिस्क १००!

कार्ड निवांत होतं. जीव चालला होता रॅमचा. ८ जीबीमध्ये विंडोज, गेम, गप्पांचं अ‍ॅप आणि ब्राउझर मावत नव्हते. रॅम भरली की कॉम्प्युटर उरलेलं सामान हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि फिरत्या तबकडीची ती डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ. म्हणून सगळं गोठल्यासारखं व्हायचं. परीक्षेच्या दिवशीही हेच झालं असणार. त्या दिवशी गेम नव्हता, पण कॅमेरा, स्क्रीन शेअरिंग आणि ब्राउझर एकदम चालू होते.

मी त्याला फक्त एवढंच म्हणाले, "परीक्षेचं तू खरं सांगत होतास." तो म्हणाला, "हं."

शनिवारी के. आर. मार्केट मेट्रो स्टेशनला उतरून आम्ही चालत एस. पी. रोडला गेलो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा हा बेंगळुरूतला भाऊच. बोळासारखा रस्ता, दोन्ही बाजूंना वायरी, पंखे, कॅबिनेट टांगलेली दुकानं. माझं कन्नड "अण्णा, एष्टु?"च्या पुढे जात नाही, पण तेवढ्यावर भागतं.

एका दुकानदाराला कार्डाचा भाव विचारला. त्याने उलट विचारलं, "एसएमपीएस किती वॅटचा?" हा प्रश्न आम्हा दोघांच्या डोक्यात आलाच नव्हता. जुनं कार्ड ७५ वॅटमध्ये भागवतं. नवं कार्ड जास्त वीज मागणार, म्हणजे आठ वर्षांचा साधा एसएमपीएसही बदलायचा. नव्या कार्डाला प्रोसेसर पुरा पडेना, तर प्रोसेसर बदला. पण आमच्या मदरबोर्डवर सातव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर बसतच नाही, म्हणजे बोर्डही गेला. एक भाग बदलला की शेजारचा हात वर करतो.

शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या यादीत हा प्रोसेसर नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतले तरी ते ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. अशा मशीनमध्ये अठ्ठावीस हजार घालणं म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवरी फरशी घालण्यासारखं.

शेवटी तिथेच उभं राहून ठरवलं, आत्ता जे अडतंय तेच बदलायचं, आणि शक्यतो पुढच्या मशीनमध्येही लावता येईल असंच घ्यायचं. ८ जीबीची आणखी एक रॅम, ५०० जीबीची एसएसडी आणि प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट. सगळं मिळून साडेपाच हजार.

घरी येऊन रंगाच्या ब्रशने आठ वर्षांची धूळ काढली. त्याने पंखा उतरवला, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, रॅम बसवली. बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच. माझ्या पोटात गोळा आला. गेले साडेपाच हजार! तो शांतपणे म्हणाला, "रॅम नीट बसली नसेल." बंद करून, वायर काढून त्याने पुन्हा दाबली. 'खट्' असा आवाज आला आणि या वेळी स्क्रीन उजळली.

एसएसडीवर विंडोज टाकून झालं. आता मशीन अर्ध्या मिनिटात चालू होतं. जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी तशीच ठेवली आहे.

तुमच्या घरीही असा जुना डबा असेल, तर खर्च करण्याआधी टास्क मॅनेजर उघडून एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसा. मेमरी भरत असेल तर रॅम, डिस्क १०० वर असेल तर एसएसडी, गेममध्ये कार्डच सतत पूर्ण राबत असेल तर मग कार्ड. आणि शक्य असेल तर वापरणाऱ्याच्या शेजारी बसा.

नोकरी अजून लागलेली नाही. पण मागच्या आठवड्यात त्याची दीड तासाची मुलाखत झाली आणि मशीन एकदाही अडकलं नाही. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं. पण त्याला रात्री लवकर झोपायला सांग."