गेम चालत नाहीत म्हणून चांगला लॅपटॉप भंगारात? जरा थांबा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून मला येणाऱ्या फोनचा विषय एकच झालाय. आई किंवा बाबा बोलतात, "लॅपटॉप चांगला चालतोय हो, पण विंडोज ११ घेत नाही म्हणे." मी म्हणतो, लिनक्स टाकू, पैसे लागत नाहीत. लगेच मागून आवाज येतो, "दादा, त्यावर गेम चालत नाहीत!" की झालं, घरात नव्या लॅपटॉपची चर्चा सुरू. चाळीस-पन्नास हजारांची. ज्या घरात क्लासची फीसुद्धा दोन हप्त्यांत जाते, त्या घरात.

(घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे. पण ती नोंदणी करून घ्यावी लागते आणि प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो.)

आता काही पोरं यूट्यूब बघून तयार होऊन येतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: "गेमिंगला ग्नोम चांगलं की केडीई? एक्सएफसीई टाकलं तर एफपीएस किती वाढेल?" प्रश्न चांगला आहे. म्हणून आज त्यावरच लिहितो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

विंडोजवाल्यांसाठी आधी थोडक्यात. खालची पट्टी, मेनू, खिडक्या, सेटिंग्ज, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते सगळं मिळून झालं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. विंडोजमध्ये ते एकच असतं, कंपनी देईल ते. लिनक्समध्ये ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई, माटे असे बरेच आहेत. एकाच मशीनवर दोन-तीन टाकून लॉगिन करताना हवं ते निवडता येतं. खालचं इंजिन, म्हणजे कर्नल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर, तेच राहतं. नेमकं इथेच लोक फसतात. गेमचा वेग मुख्यतः त्या इंजिनावर ठरतो, वरच्या सजावटीवर नाही.

मग सजावट मध्ये कुठे येते? सगळ्या खिडक्यांची चित्रं एकत्र करून स्क्रीनवर पाठवणारा एक भाग असतो, त्याला कंपॉझिटर म्हणतात. गेमने चित्र काढलं की कंपॉझिटर ते घेतो, बाकीच्या चित्रांबरोबर जुळवतो आणि पुढे देतो. ही एक जादा फेरी. ६० एफपीएसवर खेळताना एका चित्राला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद, १४४ वर फक्त ६.९. त्यात ही फेरी घुसली की माऊस किंचित मागे राहतो. पण गेम फुलस्क्रीन असेल तर आजचे बहुतेक डेस्कटॉप ही फेरी टाळतात आणि गेमचं चित्र थेट स्क्रीनकडे सोडतात. ग्नोम आणि प्लाझ्मा हे आपोआप करतात. मिंटच्या सिनॅमनमध्ये फुलस्क्रीनला कंपॉझिटिंग बंद करण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, तो चालू आहे का बघा. एक्सएफसीईमध्ये 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये जाऊन कंपॉझिटर हातानेच बंद करता येतो. मात्र मग साध्या खिडक्या सरकवताना चित्र आडवं फाटल्यासारखं दिसू शकतं. चालतं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

म्हणजे चांगलं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि फुलस्क्रीन गेम असेल तर डेस्कटॉप बदलून बहुतेक गेममध्ये काही टक्क्यांच्या पलीकडे फरक पडत नाही. मँगोहड नावाचं फुकट साधन आहे, ते खेळताना कोपऱ्यात एफपीएस आणि प्रत्येक चित्राला लागलेला वेळ दाखवतं. दोन डेस्कटॉपवर तोच गेम, तीच जागा खेळून बघा आणि आकडे स्वतः वाचा. कुणाच्या व्हिडिओवर जाऊ नका, माझ्या पोस्टवरही नको.

पण मला फोन करणाऱ्यांकडे ते मशीन नसतं. त्यांच्याकडे असतो ४ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप. इथे चित्र पालटतं, आणि तेही एफपीएसमुळे नाही, मेमरीमुळे. ग्नोम लॉगिन झाल्या झाल्या साधारण एक ते दीड जीबी धरून बसतं. एक्सएफसीई अर्ध्या ते पाऊण जीबीत भागवतं. (केडीई जड असतं ही समजूत मात्र जुनी झाली, आजचं प्लाझ्मा ग्नोमपेक्षा जास्त खात नाही.) त्यात आतल्या ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ते त्याच ४ जीबीतून हिस्सा काढतं. उरलेल्यात गेम मावला नाही की मशीन हार्ड डिस्कवर लिहायला लागतं आणि गेम ऐन मारामारीत दोन सेकंद थिजतो. सरासरी एफपीएस चांगला दिसेल, खेळणारा मात्र मेलेला असेल! अशा मशीनवर एक्सएफसीईने खरंच फरक पडतो. त्याहून मोठा फरक पडतो हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने आणि रॅमची दुसरी स्टिक टाकल्याने. दोन स्टिक असल्या की मेमरीचा रस्ता रुंद होतो आणि आतल्या ग्राफिक्सला त्याचा थेट फायदा मिळतो. सगळं मिळून नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या आसपासही जात नाही.

आता एक गोष्ट जी विकणारे सांगत नाहीत. विंडोजचे गेम लिनक्सवर चालतात ते प्रोटॉनमुळे. व्हाल्व कंपनीने ते २०१८ मध्ये स्टीममध्ये आणलं. त्याच्या पोटात डीएक्सव्हीके आहे, ते डायरेक्टएक्सचं काम व्हल्कनकडे वळवतं, आणि त्याच्या आजच्या आवृत्त्यांना व्हल्कन १.३ लागतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या ग्राफिक्सला ते पूर्ण जमत नाही, सहाव्या पिढीपासून पुढे जमतं. विंडोज ११ मात्र अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालतं. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे जे हजारो लॅपटॉप आज 'जुने झाले' म्हणून कपाटात जातायत, ते लिनक्सच्या दृष्टीने अजून कामाचे आहेत. त्यावर नवे भारी गेम नाही चालणार, ते विंडोजवरही चालत नव्हते. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती, पोर्टल २, होलो नाइट, स्टारड्यू व्हॅली आरामात चालतील.

आणि वॅलोरंट? नाही चालत. तुम्ही ग्नोम टाका, केडीई टाका, काहीही टाका. त्याची फसवणूक पकडणारी यंत्रणा विंडोजच्या कर्नलमध्ये बसते आणि कंपनीने लिनक्ससाठी ती दिलेली नाही. फोर्टनाइटचंही तेच. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडलंय, पण कुलूप काढायचं की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. एपेक्स लेजंड्स आधी चालायचं, २०२४ मध्ये कंपनीने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. जीटीए ५ ची कथा खेळता येते, ऑनलाइन २०२४ पासून बंद. मुलगा रोज वॅलोरंटच खेळत असेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे, त्याला खोटं पाडू नका. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ खेळत असेल तर ते दोन्ही लिनक्सवर थेट चालतात.

डेस्कटॉपच्या भांडणाला व्हाल्वने स्वतः काय उत्तर दिलं ते बघण्यासारखं आहे. २०२२ मध्ये आलेलं त्यांचं स्टीम डेक लिनक्सवर चालतं. त्यात केडीई प्लाझ्मा आहे, पण गेमिंग मोडमध्ये ते सुरूच नसतं, गेमस्कोप नावाचा छोटा कंपॉझिटर सगळं सांभाळतो. हलका डेस्कटॉप शोधत बसण्यापेक्षा त्यांनी खेळताना डेस्कटॉप बाजूलाच केला.

हे सगळं सार्वजनिक प्रश्न म्हणून का मांडतोय? केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतायत. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ चं आहे. सी-डॅकचं बॉस लिनक्स त्याच्याही आधीचं, आणि सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात. तरी आपल्याकडे शाळेची, वाचनालयाची मशीन बदलायची वेळ आली की निविदा नव्या मशीनचीच निघते. कारण निर्णय घेणाऱ्याच्या घरी पोरगं म्हणालेलं असतं, लिनक्सवर काही चालत नाही.

तर मशीन विकायच्या आधी तीन गोष्टी लिहून मला कमेंटमध्ये टाका: प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि किती स्टिकमध्ये, आणि मुलगा किंवा मुलगी रोज कोणते गेम खेळते. 'सगळे' असं लिहू नका, नावं लिहा. दोन वेगवेगळ्या रिफ्रेश रेटच्या स्क्रीन जोडलेल्या असतील तर तेही सांगा, तिथे मी एक्सएफसीई न सुचवता वेलँडवरचं प्लाझ्मा सुचवेन. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघता येतं, आतलं काही पुसलं जात नाही. वायफाय, आवाज, टचपॅड नीट आहे का ते त्यात कळतं. गेमचा वेग मात्र पेन ड्राइव्हवर मोजू नका, तो तसा हळूच असतो.