हुकूम न काढणारी सत्ता

डिस्टोपियन कादंबरी भविष्याविषयी असते, हा समज निदान मराठी वाचकाने तरी सोडून द्यावा. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’मध्ये (१९९३) वस्ती उद्ध्वस्त झाल्यावर नायिका लॉरेन पुरुषाचा वेष घेऊन उत्तरेकडे पायी निघते. आपण कोण हे वाटेवर उघड झालं, तर जिवावर बेतेल. बाबुराव बागूल यांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ सालीच दिली होती. तिच्यातला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, जात लपवून राहतो आणि ती कळताच मार खातो. ही कथा स्थलांतराशिवाय घडलीच नसती. गावात जात विचारावी लागत नाही, ती सगळ्यांना ठाऊकच असते. परक्या ठिकाणी माणूस अनोळखी होतो, सुटकेची शक्यता निर्माण होते, आणि नेमकी तीच बुजवण्यासाठी चौकशी सुरू होते.

यावर कुणी म्हणेल, डिस्टोपियाला सर्वंकष राजसत्ता लागते आणि बागुलांच्या कथेत ती कुठे आहे? माझ्या मते तिथेच ही कथा राजसत्तेची पाळत रंगवणाऱ्या ऑर्वेलच्या पुढे जाते. संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, कायदा त्या तरुणाच्या बाजूने आहे. पाळत ठेवतात ती घरमालक आणि सहकारी यांसारखी साधी माणसं. प्रयाग अकबर यांच्या ‘लैला’तल्या (२०१७) समाजासमाजांना अलग करणाऱ्या भिंती आपल्याला पटतात त्या यामुळेच. भाड्याची खोली देताना आडनाव आणि खाणंपिणं विचारणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भोगलेल्याला डिस्टोपिया म्हटलं की ते कल्पित ठरतं. ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं आणि गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं, तिथे हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. म्हणून बागुलांना ते लेबल लावू नये. उलट डिस्टोपियन कादंबऱ्याच बागुलांच्या मापाने मोजाव्यात.

मार्गारेट अॅटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या मापाने वाचून पाहावी. इतिहासात कुठेच न घडलेलं काही तिच्यात घालायचं नाही, असा त्यांचा नियम होता. तिच्यातलं जग आपल्यापासूनही दूर नाही: दरवर्षी मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची आगाऊ उचल जोडप्यावर, म्हणजे एका कोयत्यावर मिळते आणि कामाचा दिवस चुकला की खाडा धरून पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. अॅटवुड यांच्या कादंबरीतल्या गिलियड या राज्यात गर्भाशयाचा ताबा घ्यायला शासन हुकूम काढतं. इथे तसा हुकूम कुणीच काढला नव्हता. पाळीच्या दिवसांतला खाडा, अंगावरची उचल आणि कर्करोगाची घातलेली भीती एवढं पुरेसं ठरलं.